सायत्राबाई आणि कोहमाऱ्याचा कुत्रा

सायत्राबाईंविषयी लिहायचं तर कुत्र्याच्या गूपासूनच सुरुवात करावी लागेल. सभ्य शब्द मला ठाऊक आहे. सरकारी नोंदवहीत वीस वर्षं मी 'विष्ठा' असंच लिहीत आलो. पण बाईंसमोर कोणी तो शब्द काढला की त्या म्हणत, "विष्ठा सायबलोकायची राहते. कुत्र्याचा गूच राहते." आणि मग तो कुठं आहे, ते विचारत.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्याअखेर मी सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावी ढोरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो. गावाचं नाव लिहीत नाही. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि छापील कागदांवरचं 'भंडारा' खोडून वर 'गोंदिया' लिहावं लागे. मी सव्वीस वर्षांचा होतो, नवा शर्ट घालून सकाळी साडेसातला फाटकातून आत शिरलो, तर अंगणात पन्नाशीची एक हाडकुळी बाई खराटा काखेत धरून उकिडवी बसलेली. हातात बांबूची कमची, आणि समोर जे होतं ते.

"थांबा बाबू, पाय नोका टाकू. हे पाहाचं राहिलं अजून."

"काय पाहायचं त्यात?"

"रात्री कोन येऊन गेला ते." त्यांनी कमचीनं जरा उकललं. "उंदीर खाल्ला यानं, केस हायेत. म्हातारा हाये. तीनदा जागा बदलून बसला, एका जागी जोर नाही पुरला त्याचा."

मी जरा ताठ होऊन सांगितलं, "मी इथला नवा साहेब."

"मंग तं अजून जपून पाय टाका."

सायत्राबाई दवाखान्यात अंशकालीन सफाई कामगार होत्या. म्हणजे सकाळी दोन तास झाडलोट, फिनाईल, पाणी भरणं. त्यानंतर त्या धानाच्या बांधीत जात. पण दवाखान्यात कुत्रं येणार असं कळलं की बांधीतून चिखलाच्या पायांनी परत येत. त्या काळी आमच्याकडे कुत्रं दवाखान्यात आणणारे थोडेच. बैल, म्हशी, बकऱ्या यांच्या रांगेत कोणी कुत्रं घेऊन उभा राहिला तर बाकीचे हसत. बाई हसत नसत. त्या कुत्र्याकडे पाहतही नसत. मालकाला बाजूला घेऊन विचारत: कुठं बसते? किती वेळ बसते? झाल्यावर काय करते? आणि पहिले असंच करे का?

मालक ओशाळत. चारचौघांत हे सांगायचं कसं? काही जण, "जाते बाहेर कुठंतरी" म्हणून मोकळे होत. मग बाई त्यांना घरी पाठवत. "जा, पाहून या. पळसाच्या पानात घेऊन या थोडा. ज्याचं खाल्लेलं तुमी पाहता, त्याचं हागलेलं पाहाले लाज कायची?"

डॉक्टरसाहेबांकडे दोन दवाखान्यांचा भार होता, ते आठवड्यातून दोन-तीन दिवस येत. मोठे खुशालचेंडू माणूस होते. कुत्र्याला हात लावण्याआधी ते हाक मारत, "बाईंनी पाहिलं का?" बाई म्हणत, "पाहिलं. जंत हायेत." किंवा, "शिळं दूध पाजलं याले." साहेब बहुतेक वेळा तेच लिहीत. हे मला झोंबायचं. माझ्याकडे पदविका होती. बाईंना सही येत होती, त्यापुढे काही नाही.

एकदा साहेबांनी गमतीत विचारलं, "बाई, आम्ही जीभ बघतो, डोळे बघतो, तुम्ही नेमकं तेच का बघता?"

"कुत्र्याची जीभ तं दिवसभर बाहेरच लटकून राहते, साहेब. तिच्यावर कोन भरोसा ठेवन?"

त्यांची नजर कशी होती हे सांगायला एक प्रसंग पुरेल. जवळच्या गावचे एक पोवार पाटील, मोठे धानवाले, आपलं शिकारी कुत्रं घेऊन आले. कुत्रं खंगून बरगड्या दिसत होत्या. पाटील म्हणाले, "भात पचूनच नाही राहिला याले. जसाच्या तसा पडते. म्हणून मी दोन महिने झाले भात बंद केला, नुसती पेज देऊन राहिलो." मी लगेच पचनाचं औषध काढलं. भाताच्या मुलखात शीत ओळखायला कोणाची मदत लागते?

बाई पळसाचं पान घेऊन उन्हात गेल्या. थोड्या वेळानं पाटलांना हाक आली.

"पाटील, इकडं या. तुमच्या घरचा भात चालते का?"

पानावरचं शीत आखडत होतं, लांबत होतं. एक पानाच्या कडेपर्यंत पोचलं होतं. ते चपट्या जंताचे तुकडे होते. भात बंद केल्यामुळं कुत्रं उपाशी आणि जंत आत तसेच. पाटील पानावर वाकले आणि म्हणाले, "दोन महिने उपाशी मारलं मी याले." बाई म्हणाल्या, "आता चारा. मरन नाही आला त्याले अजून." मी औषधाची बाटली गुपचूप कपाटात ठेवून दुसरी काढली. बाईंनी ते पाहिलं, पण पाटलांसमोर एक शब्द काढला नाही. त्यांची ती सवयच होती. दुसऱ्याची चूक त्या दाखवत, पण ती कोणाची होती हे मोठ्यानं सांगत नसत.

दुसरी आठवण शाळेतल्या गुरुजींच्या बायकोची. त्यांच्याकडे नागपूरहून आणलेलं पांढरं, केसाळ कुत्रं होतं. त्या पदर तोंडावर घेऊन आल्या आणि माझ्याशी बोलेचनात. शेवटी बाईंना कोपऱ्यात नेऊन कुजबुजल्या. कुत्रं स्वतःचंच खात होतं. घरात कोणी त्याला जवळ घेईना, गुरुजी तर त्याला सोडून द्यायला निघाले होते.

मी म्हणालो, क्षारांची कमतरता असेल, पावडर देतो. बाईंनी आपले चार प्रश्न विचारले. मग पाचवा विचारला, "मारता का त्याले?"

"ओसरीवर करते न बाई. गुरुजी दरवेळी त्याचं तोंड तिथं घासते अना काठीनं मारते. शिस्त लागाले पाहिजे ना."

"मंग लागली ना शिस्त. जिथं दिसला का मार पडते, तं बिचारा दिसूच नाही देत. तुमी यायच्या आत साफ करून टाकते." बाई कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "भुकेनं नाही खाऊन राहिला थो. भेवानं खाऊन राहिला. ज्याले मार पडते, थो पुरावा ठेवत नाही."

पावडर मी दिलीच. पण बाईंनी सांगितल्याप्रमाणे गुरुजींनी काठी टाकली, कुत्र्याला पहाटे आणि खाल्ल्यावर परसात न्यायला लागले, तिथं केलं की पाठ थोपटू लागले. महिन्याभरात सवय गेली. गुरुजी दवाखान्यात येऊन माझे आभार मानून गेले. बाई तेव्हा बांधीत होत्या. निरोप देईन म्हणालो. दिला की नाही, आठवत नाही. म्हणजे दिला नसावा.

आता कोहमाऱ्याकडे यायला हवं. इतकी वर्षं मी या सगळ्या गमती लोकांना सांगत आलो. सायत्राबाईंच्या गोष्टी सांगितल्या की माणसं हसतात, आणि मी पाटलांच्या भातापाशी थांबतो. पुढचं माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

कोहमाऱ्याची चौफुली म्हणजे महामार्ग, ट्रक आणि ढाबे. ढाब्यावरच्या कुत्र्यांना रोज हाडं. ती हाडं पोटात जाऊन खडूसारखी होतात, आणि कुत्रं दोन-दोन दिवस कण्हत बसतं. गुप्ता नावाच्या एका ढाबेवाल्याचा कुत्रा असाच आणला होता, तेव्हा बाईंनी त्यांना आपल्या हिंदीत सुनावलं होतं, "हड्डी मत डालो भैया. चूना हगता है तुम्हारा कुत्ता. घर पोतना है क्या उससे?" साबणाच्या कोमट पाण्याचा एनिमा कसा द्यायचा, सलाईनची नळी किती आत, कुत्र्याला कसं धरायचं, हे पदविकेच्या पुस्तकात वाचलेलं मी पहिल्यांदा केलं ते बाईंच्या हातांच्या भरवशावर. त्या तोंड धरत, मी मागं बसे. पाच वर्षांत असे बारा-पंधरा कुत्रे आम्ही मोकळे केले असतील. या एका कामात मी तरबेज झालो होतो. कुंथणारा कुत्रा आणि कोहमाऱ्याचा ढाबा, एवढं ऐकलं की मी नळी उकळायला टाकायचो.

दोन हजार पाचच्या जानेवारीत गुप्ताजी आपला शेरू घेऊन आले. स्कूटरच्या पुढच्या जागेत पोत्यावर बसवून आणला होता. तीन दिवस शौच नाही, कुंथतो, काही खात नाही. खालचा जबडा जरा लोंबत होता, लाळ गळत होती, आवाज बसला होता. "हड्डी गले में भी फँसी होगी साहब, नीचे भी," गुप्ताजी म्हणाले. मला पटलं. डॉक्टरसाहेब त्या दिवशी गोंदियाला बैठकीला होते.

बाई झाडून निघायच्या बेतात होत्या. कुत्रा पाहून थांबल्या. गुप्ताजींना बाजूला घेतलं. मला ऐकू येत होतं.

"पहले कहाँ जाता था?"

"रोड के उस पार, नाली के पास. हमेशा वहीं. ट्रक रुकने तक खड़ा रहता था बेचारा, फिर पार करता था."

"अना आता?"

"अब दो दिन से वहीं, ढाबे में ही. ग्राहक के सामने, खटिया के नीचे, कहीं भी बैठ जाता है. कुछ निकलता नहीं."

"खाटेची रस्सी चावते का?"

गुप्ताजी चमकले. "हाँ. रस्सी, राख, मिट्टी. आपको किसने बताया?"

बाई माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात बोलल्या, म्हणजे गुप्ताजींना ऐकू जाऊ नये.

"बाबू, हा हाडाचा नाही वाटत मले. पोट बिघडलेला कुत्रा आपली जागा नाही विसरत. उलटा धावत तिथंच जाते. हा जागा विसरला. याचं डोकं बिघडून राहिलं. बांधून ठेवू, साहेबाले येऊ देऊ. हात नोका लावू."

मला समजलं होतं. हे आज लिहायलाच हवं. त्या काय म्हणत होत्या ते मला त्याच क्षणी समजलं होतं. लोंबणारा जबडा, लाळ, बसलेला आवाज, भलतंसलतं खाणं. हे सगळं पदविकेच्या परीक्षेत पिसाळण्याची लक्षणं म्हणून मी लिहिलं होतं, आणि 'घशात हाड अडकल्यासारखे वाटते, फसू नये' हे वाक्यही. पण ते समजणं आणि मी यांच्यामध्ये बाई उभ्या होत्या. पुन्हा एकदा, मालकासमोर, त्यांनी पाहिलेलं आणि मला न दिसलेलं. मी मोठ्यानं म्हणालो, "बाई, तुमचं काम झाडण्याचं आहे. कुत्रा धरता का, की मी दुसऱ्या कोणाला बोलावू?"

बाईंनी खराटा भिंतीला टेकवला.

दवाखान्यात हातमोज्यांचा एकच जोड शिल्लक होता. तो मी घातला. कुत्रा टेबलावर घेतला. शेपटी माझ्याकडे, तोंड बाईंकडे. जानेवारीचे दिवस, फिनाईलचं पाणी, बांधीचं काम. त्यांचे तळवे भेगांनी उकललेले होते. कुत्रा चावला नाही. चावण्याची ताकदच जबड्यात नव्हती. नुसती लाळ, त्यांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत. नळीवाटे पाणी गेलं, तसंच परत आलं. त्याच्याबरोबर थोडी शेंब आणि सुतळीचे चार तंतू आले.

बाईंनी ते तंतू पाहिले. मीही पाहिले.

गुप्ताजी कुत्रा घेऊन गेल्यावर बाई हापशीवर गेल्या. कपड्याच्या साबणाची वडी घेऊन हात धुवायला बसल्या. मी आत नोंदवही लिहीत होतो: 'कुत्रा, नर, बद्धकोष्ठता, एनिमा दिला.' हापशीचा आवाज येतच होता, थांबत होता, पुन्हा येत होता. एवढा वेळ कोणी हात धूत नाही.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गुप्ताजींचा निरोप आला, शेरू मेला. ढाब्यामागं खड्डा करून पुरला. दुपारी मी मासिक अहवाल द्यायचा आहे असं सांगून गोंदियाची गाडी पकडली. अहवाल पिशवीत होताही, पण त्या दिवशी द्यायचा नव्हता. कुत्र्याच्या सुईसाठी आमच्याकडून गोंदियालाच जावं लागे. रांगेत माझ्यापुढे चार जण होते. सिस्टर बाई चांगल्या होत्या, प्रत्येकाला बसवून विचारत होत्या. मी सांगितलं, ढोरांच्या दवाखान्यात कामाला आहे, संशयित कुत्रा हाताळला. मोजे होते, पण खात्री नाही.

"तुमच्यासोबत आणखी कोणी होतं का? लाळ वगैरे लागलेलं?"

"नाही," मी म्हणालो. "मी एकटाच होतो."

का म्हणालो? आणखी कोणी होतं म्हटलं तर नाव लिहिलं जाणार, पत्र दवाखान्यात येणार, साहेब विचारणार की सफाईच्या बाईला संशयित कुत्र्याचं तोंड कोणी धरायला लावलं. हे सगळं मी नंतर रचलं. त्या खुर्चीवर बसलो असताना मी इतका विचार केलेलाच नव्हता. 'नाही' आपोआप आलं. मी सुई घेतली, पुढच्या तारखांची चिठ्ठी पाकिटात घडी करून ठेवली आणि परतीच्या गाडीत मला जरा बरंही वाटलं.

शनिवारी बाई आल्या, झाडून गेल्या. मी सांगितलं नाही. सोमवारी साहेब आले की त्यांच्यासमोर सांगू, असं ठरवलं. रविवारी दोनदा चपला घालून त्यांच्या घराच्या वाटेला लागलो आणि दोनदा परत आलो.

सोमवारी सकाळी बाई आल्या तेव्हा दंडावर कापसाचा मळका बोळा चिकटपट्टीनं लावलेला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"टोचून आली." आणि खराटा उचलला.

नंतर गुप्ताजींकडून कळलं. शनिवारी काम आटोपून बाई काळ्या-पिवळ्या जीपनं कोहमाऱ्याला गेल्या होत्या. शेरू मरण्याआधी कुठं बसला, त्याच्यातून काय पडलं, हे त्यांनी खाटेखाली वाकून पाहिलं. कोळसा आणि रस्सी. खड्ड्यावर दगड रचायला लावले, की दुसरी कुत्री उकरू नयेत. मग गुप्ताजी, त्यांचा स्वयंपाकी आणि शेरूला कुरवाळणारी गुप्ताजींची सून, तिघांना गाडीत घालून त्या स्वतः गोंदियाला घेऊन गेल्या. जे माझं काम होतं ते त्यांनी केलं. मालकाला सांगायचं असतं, घरच्यांना सांगायचं असतं, हे मला त्या दोन दिवसांत आठवलंसुद्धा नव्हतं.

साहेबांना मी सोमवारी एवढंच म्हणालो की कोहमाऱ्याचा कुत्रा संशयास्पद वाटतो, लोकांना सुया घ्यायला सांगितलं आहे. सांगितलं आहे, असं म्हणालो. कोणी सांगितलं ते साहेबांनी विचारलं नाही. आतून झाडण्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही.

कुत्रा खरोखर पिसाळलेला होता का, ते आजही मला सांगता येणार नाही. डोकं तपासणीला पाठवलंच नाही, आणि खड्डा उकरण्याची हिंमत कोणी केली नाही. पण न कळण्यानं काही सोपं झालं नाही. सुया घेतल्या तरी बाईंना तीन दिवस उशीर झाला होता. भेगांतून काही आत गेलं असेल तर? पुस्तकात लिहिलं होतं, महिना, तीन महिने, कधी वर्षही. ते पान मी इतक्या वेळा उघडलं की पुस्तक टेबलावर ठेवलं तरी तिथंच उघडायचं.

मी बाईंवर नजर ठेवू लागलो. त्या पाणी पितात का? गिळताना थांबतात का? वाऱ्याची झुळूक आली की दचकतात का? सरळ विचारण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून रोज सकाळी चहा मागवू लागलो. एरवी मी त्यांना कधी चहा विचारला नव्हता. त्या पायरीवर बसून पीत आणि मी दारातून घोट मोजत असे. एक दिवस त्या जरा खोकल्या, तर माझ्या हातातली फाईल खाली पडली.

आठवडाभरानं त्यांनी विचारलं, "चहा कायले पाजून राहिले रोज, बाबू?"

"थंडी आहे ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा संपवला. मग कप उलटा करून पायरीवर ठेवला. एक थेंबही पडला नाही. त्या दिवसापासून त्या रोज तसंच करू लागल्या. शेवटचा घोट घ्यायचा, माझ्याकडे न पाहता कप उलटा करायचा, उठायचं. उन्हाळा लागला, थंडीची सबब संपली, चहा चालूच राहिला. जूनमध्ये पेरणीला त्या गेल्या आणि सहा दिवस आल्या नाहीत. ते सहा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सातव्या दिवशी चिखलाचे पाय घेऊन आल्या, पायरीवर बसल्या, आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, "मागवा चहा."

वर्ष उलटलं. बाईंना काही झालं नाही, मलाही नाही. शेरूविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बाई पूर्वीसारख्याच कमचीनं उकलून पाहत, चार प्रश्न विचारत. फरक एवढाच की निदान त्या मला सांगेनाशा झाल्या. साहेबांची वाट पाहत. साहेब नसतील तर मालकाला म्हणत, "उद्या या." दोन हजार सहाला माझी आमगावला बदली झाली. निरोपाला त्या आल्या, हातावर साखर घेतली, "जपून राहा" म्हणाल्या. त्या मला ओळखून आहेत असं मला वाटायचं, पण किती, ते माहीत नव्हतं.

मग दोन हजार तेराच्या डिसेंबरात, देवरीहून परत येताना गाडी बदलायला मी कोहमाऱ्याच्या चौफुलीवर उतरलो. ऊन चांगलं वर आलं होतं. रस्त्याकडेच्या झाडाखाली, गाठोडं पायांत धरून सायत्राबाई उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, पाठीला बाक आला होता. त्यांनी मला आधी पाहिलं.

"बाबू. पोट सुटलं तुमचं."

मुलीकडे देवरीला निघाल्या होत्या. दवाखान्याचं काम सुटून तीन वर्षं झाली, सांगत होत्या. नवी बाई बरी आहे, पण पाहत नाही, नुसतं झाडून टाकते. मी माझं सांगितलं. मुलगी दहावीला, आईचं गुडघ्याचं. समोरून ट्रक जात होते. गुप्ताजींचा ढाबा होता तिथं आता टायरचं दुकान होतं. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मावशी," मी म्हणालो. मी त्यांना पूर्वी कधी मावशी म्हटलेलं नव्हतं. "तो शेरू. मला त्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही सांगितलं तेव्हाच. आणि शुक्रवारी मी स्वतः सुई घेऊन आलो. तुम्हाला सांगितलं नाही."

"मालूम हाये मले."

"कसं?"

"मी शनवारी गेली तं त्या सिस्टरनं इचारलं, कुठून आली. मी सांगतली. थे म्हने, तुमच्या इथले एक साहेब तं कालच येऊन गेले." त्यांनी गाठोड्याची गाठ घट्ट केली. आवाजात राग नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं सांगत होत्या. "मी म्हटली, बरं झालं, त्यायनं घेतली. त्यायले लहान पोरगी हाये."

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती त्यांच्या लक्षात होती.

"मावशी, मी भ्यालो होतो. चौकशी होईल, नोकरी..."

"थे समजते. भेव कोनाले नाही." त्या रस्त्याकडे पाहत होत्या. देवरीच्या बाजूला जाणारी एसटी चौकाच्या पलीकडे दिसू लागली होती. "सांगाले उशीर लागते मानसाले. मी दोन दिवस वाट पाहिली. सांगन, सांगन म्हणून. थे बी जाऊ दे. पण सिस्टर म्हने, मी त्यायले इचारलं, संगं आनखी कोनी होतं का. तं साहेब म्हने, कोनी नाही, मी एकटाच होतो."

मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी 'तू' म्हटलेलं नव्हतं.

"मी तोंड धरून होती ना रे. तुले दिसत नोती का मी?"

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. मला वाटलं मला थांबवतात, पण तो एसटीला होता. गाडी धूळ उडवत आली. वाहकानं गाठोडं वर ओढलं, मग त्यांना. मी मदतीला हात पुढे केला तोवर त्या आत होत्या.

तिसऱ्या खिडकीत त्या दिसल्या. बाकावर एक जाडजूड बाई पसरून बसली होती, तिला त्या सरकायला सांगत होत्या. ती सरकेना. मग त्यांनी गाठोडं तिच्या मांडीवरच ठेवलं आणि त्या बसल्या. ती बाई हसली, त्याही हसल्या असाव्यात. गाडी हलली तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती.